तोंड वर

२ फेब्रुवारी

फोटो आले. कंदील धड, कुंडी धड, बगळ्याच्या चोचीलासुद्धा ओरखडा नाही. आणि मुलगी तीन तुकड्यांत. मान वेगळी, आणि ओंजळ धरलेले दोन्ही हात कोपरापासून वेगळे. हात पेटीच्या तळाशी पडलेले, ओंजळ मात्र तशीच जुळलेली.

मी तीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसले. काचेच्या बरण्या, भिंतीवरची घड्याळं, एकदा तर एका आजोबांची कवळी, सगळं माझ्या हाताखालून गेलं आणि जागेवर पोचलं. घरचं पार्सल तेवढं फुटावं!

समुद्रापलीकडे एक बाई म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहामागे बाग करते आहे. आम्ही तिला बागवालीच म्हणतो. तिनं ह्यांच्याकडून बागेत मांडायला चार दगडी वस्तू मागवल्या होत्या. त्यातली मुलगी ह्यांची सगळ्यात लाडकी. तळ्याकाठी बसायचं, हात पुढे करायचे, आणि तिच्या ओंजळीत साठलेलं पाणी पक्ष्यांनी प्यायचं.

ह्यांना दाखवू की नको असं करत तासभर फोन उशीखाली ठेवला. शेवटी दाखवला. ह्यांनी मुलीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, मान जिथं मोडली तिथं नेला आणि बराच वेळ बघत राहिले. "थरावर गेली," एवढंच म्हणाले. मग खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, "बोटीवाल्यांनी आपटली असणार." तर म्हणाले, "असेल," आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चिडले असणार. पण माझ्यावर कशाला? पेटी काय मी ठोकली होती?

३ फेब्रुवारी

फूटपट्टीला फैलावर घेतलं. फूटपट्टी म्हणजे आमचा सुतार. अंगानं तसाच आहे, आणि एक माप तीनदा घेतल्याशिवाय करवतीला हात लावत नाही. "पेट्या बनवता की काडेपेट्या?" असं मी अंगणात उभं राहून शेजारपाजाऱ्यांच्या देखत विचारलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. "चुकलं असेल, वहिनी," म्हणाला. असेल म्हणे! त्याला सांगितलं, पुन्हा आमच्या कारखान्यात पाऊल ठेवायचं नाही.

जाताना तो ह्यांच्या खोलीत गेला. ह्यांनी त्याला चहा घे म्हटलेलं ऐकू आलं. मी चहा केला नाही.

९ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. चाळीस वर्षांची दगडाची धूळ फुफ्फुसात जाऊन बसली आहे आणि ती आता बाहेर येत नाही. काळ्या फोटोवर पांढरे ठिपके दाखवले. छिन्नीला हात लावायचा नाही, धुळीत उभं राहायचं नाही, जिने नाहीत, धावपळ नाही. ह्यांनी सगळ्याला हो हो केलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो नाही तोच म्हणाले, "नवी करायची."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग? तेवढा श्वास आहे का?"

"एका बाईपुरता आहे."

"मुलीपुरता म्हणा. ऑर्डर मुलीची आहे."

रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर भिंतीला टेकून दम खात उभे राहिले आणि म्हणाले, "ही शेवटची. ही पोचली नाही तर दुसरी होणार नाही. माझ्याकडून तरी नाही."

मी भांडले, रडले, लेकीला फोन लावून दिला. ती दुसऱ्या शहरात असते, तिथून तीही भांडली. हे दगड बघायला निघून गेले.

१ मार्च

रोज दोन तास. त्याहून एक मिनिट जास्त नाही, ही माझी अट. दगडावर सारखं पाणी मारायचं म्हणजे धूळ उडत नाही, हीसुद्धा माझीच. तिसरी अट ह्यांची: पाण्याची नळी मी धरायची, आणि समोर स्टुलावर बसून धरायची.

मी म्हटलं, बाजूनं धरते की, समोर बसलं तर सगळा चिखल अंगावर उडतो. तर नाही, म्हणे तिथूनच पाणी बरोबर पडतं. "दोन्ही हातांनी धर. जरा पुढे. हां. आता हलू नकोस." खांदे अवघडून जातात. बरं, तोंडावर फडकं बांधलंय तरी डोळे हसतात ह्यांचे. श्वास पुरत नाही आणि हसायला पुरतो.

२२ मार्च

आज चेहरा दिसायला लागला. ही मुलगी नाही. चांगली पन्नाशीची, साठीची बाई आहे. नाक जाड, अंबाडा डावीकडे कललेला, आणि खांदे असे पाडून बसलीय की समोर लोकांची रांग लागली आहे आणि हिला जेवायची सुट्टी मिळालेली नाही.

मी म्हटलं, "अहो, मागवली कोण आणि केलीत कोण?"

"मुलगी आठवत नाही आता. ही आठवते."

"ही कोण?"

"आहे एक."

एवढ्या वर्षांच्या संसारात आता एक आहे म्हणे! बरं, असू दे. आजारी माणसाशी काय वाद घालायचा. अंबाडा तरी सरळ करा म्हटलं, तर म्हणाले, तो तसाच असतो.

बागवालीला फोटो पाठवून दिला. मला धाकधूक होती. तिचं उत्तर लेकीनं वाचून दाखवलं: ही मुलीपेक्षा बरी, आमच्याकडच्या लोकांना सोबत वाटेल. एकेकाचं नशीब.

४ एप्रिल

लेक येऊन गेली. कारखान्यात शिरली, त्या बाईपुढे उभी राहिली आणि हमसाहमशी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. बापाची अवस्था बघून पोरीला राहवलं नसणार, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या आहेत ह्यांच्या. नंतर मला म्हणते, "आई, तू नीट बघितलंस का तिच्याकडे?" म्हटलं, रोज दोन तास बघते, कंटाळा आला. तर रडता रडता हसायलाच लागली. बाप तशी लेक.

१४ एप्रिल

झाली. ओंजळीत पाणी ओतून बघितलं, थेंब गळला नाही. ह्यांनी छिन्नी खाली ठेवली ती ठेवलीच. कारखान्यातून घरापर्यंत चाळीस पावलं आहेत, मधे तीनदा बसले.

१७ एप्रिल

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. कपाटाएवढं नाही पण आवाज तेवढा मोठा, दिवसभर घर्रघर्र. नाकातोंडावर मास्क. ह्यांचं बोलणं आता मास्कच्या आत राहतं, बाहेर नुसती वाफ दिसते. "काय?" म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारते. चौथ्यांदा ते हात हलवून सोडून देतात, आणि मला वाटतं, ते काहीतरी महत्त्वाचं होतं आणि ते आता मला कधीच कळणार नाही.

आता पॅकिंग. ही फुटली तर मी ह्यांना काय तोंड दाखवू?

२१ एप्रिल

गावात दगडाच्या पेट्या ठोकणारा दुसरा सुतार नाही. नाक मुठीत धरून फूटपट्टीकडे गेले. तो काही लावून बोलेल म्हणून सगळी उत्तरं वाटेत जुळवून ठेवली होती. तो म्हणाला, "या वहिनी, दादा कसे आहेत?" आणि रंधा बाजूला ठेवून निघालासुद्धा. माझी उत्तरं वाया गेली.

पेटीचं लाकूड भट्टीत तापवून शिक्का मारलेलंच लागतं, नाहीतर बंदरात अडवतात, लाकडातून किडे जातात म्हणून. ते त्याच्याकडे आहे. मी म्हटलं, आधी तालीम करायची. मागच्यासारखं नको. ह्या 'मागच्यासारखं' वर त्यानं नुसती मान हलवली.

त्याच वजनाचा ओबडधोबड दगड घेतला, एकशे ऐंशी किलोचा. त्याला चिकणमातीचे दोन हात चिकटवले, ओंजळ केलेले, अर्धवट वाळवले. पेटीत मी माझ्या पद्धतीनं भरलं. आमच्या खिडकीचा नियम होता, पार्सल हलवून बघायचं आणि आतून आवाज आला नाही पाहिजे. म्हणून हातांच्या खाली, वर, मधे फोमचे तुकडे ठासून भरले. मग पेटी ट्रकवर चढवली आणि खाणीच्या खडबडीत रस्त्यानं दोन फेऱ्या मारून आणल्या.

उघडली तर हातांचा चुरा.

२४ एप्रिल

दुसरी तालीम. मास्क जरासा वर करून ह्यांनी सांगितलं, "हातांना काही लावू नको. ते हवेत राहू देत. पकडायचं ते मांडीला आणि पाठीला." म्हणजे माझ्या तीस वर्षांच्या नियमाच्या बरोबर उलट. आधार दिला की तो हात सगळ्या दगडाचं वजन अंगावर घेतो, नाजूक जागेला मोकळं सोडायचं. मला पटत नव्हतं, पण केलं. मांडीवर रबर लावून आडवी फळी, पाठीला रबर लावून उभ्या दोन, बुडाखाली जाड चटई. खांद्यांवरून रुंद पट्टे. मातीचे हात मोकळ्या हवेत.

खाणीच्या रस्त्यानं चार फेऱ्या. मी ट्रकमध्ये पेटीशेजारीच बसले, माझीच हाडं खिळखिळी झाली. उघडली. एका करंगळीला तडा, बाकी सगळं जसंच्या तसं. फूटपट्टीनं आणि मी एकमेकांचे हात धरून अंगणात उड्या मारल्या, ह्या वयात. हे खिडकीतून बघत होते, मास्कमध्ये वाफ धरली होती.

२७ एप्रिल

हे लिहू नये असं वाटतं. पण लिहिणार.

सकाळी हे मला म्हणाले, "तोंड वर ठेव हं." मास्कमधून एवढं स्पष्ट कळलं. मी म्हटलं, "सांगायला कशाला पाहिजे? मागच्या वेळीही तोंड वरच ठेवलं होतं. चांगली आकाशाकडे बघत निजली होती." हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो," आणि कुशीवर वळले.

मला ते वळणं खटकलं. कारखान्यात जाऊन फूटपट्टीला विचारलं, "तोंड वर म्हणजे काय हो?" तो माप घेत होता. पट्टी गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. म्हटलं, सांगा.

खाणीत दगड थराथरानं निजलेला असतो. त्याची जी बाजू तेव्हा आकाशाकडे होती तिला दगडवाले तोंड म्हणतात. ती बाजू कायम वर ठेवायची. वस्तू तशीच घडवतात, तशीच उभी करतात, तशीच न्यायची. आडवी केली की थर उभे होतात आणि एका हिसक्यात पानासारखे सुटतात. मुलगी बसलेली होती, तिला बसलेलीच न्यायची होती. दगडाचं तोंड तिच्या टाळूवर होतं.

"मग तुम्ही तिला आडवी का घातलीत?" मी विचारलं.

त्याची नजर हत्यारांच्या पेटीकडे गेली. मी हात पुढे केला. त्यानं हत्यारांच्या पेटीच्या झाकणामागून घडी घातलेला कागद काढून दिला. अक्षर माझं. मुद्दे एक ते नऊ, प्रत्येकाखाली रेघ. त्यात सहावा: "मुलीचं तोंड वर."

ह्यांनी मला सांगितलं होतं 'तोंड वर'. मी स्वच्छ, नि:संदिग्ध लिहायचं म्हणून त्यात 'मुलीचं' घातलं. एक शब्द. खिडकीवर असताना लोकांचे अर्धवट पत्ते मी असेच पुरे करून द्यायची, आणि मला त्याचा केवढा अभिमान.

"मला वाटलं, दादांनी ह्या खेपेला मुद्दाम वेगळं सांगितलं असेल," फूटपट्टी म्हणाला. "विचारायला पाहिजे होतं. माझंही चुकलंच."

"मग मी अंगणात एवढी बोलले तेव्हा हा कागद दाखवला का नाहीत?"

"दादांनी आदल्या रात्रीच फोन केला होता. म्हणाले, दाखवू नको. तिनं मनाला लावून घेतलं तर जेवायची नाही."

मी दुसरी करायला लावली. मी. तो एका बाईपुरता श्वास ह्यांनी माझ्या एका शब्दापायी खर्च केला. मुलगी पोचली असती तर हे आज खुर्चीवर बसून मला चिडवत असते.

संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मला कळलंय." त्यांनी माझा हात घेतला आणि मास्कच्या आत काहीतरी लांबलचक बोलले. मशीनच्या घरघरीत एक अक्षर कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

३० एप्रिल

बाईला पेटीत बसवली. बसलेली, सरळ, दगडाचं तोंड वर. साखळीच्या कप्पीनं उचलताना मी डोळे मिटून घेतले होते. हे खुर्चीवर, मशीन लांबच्या वायरीवर दारापर्यंत आणलेलं.

पेटीत खिळा एकही नाही, सगळे स्क्रू. उघडायची ती पाठीकडची बाजू, तिचे स्क्रू हिरवे रंगवले. समोरच्या बाजूला हात लावायचा नाही, कारण मांडीवरची आडवी फळी समोरच्या फळ्यांना बांधलेली आहे. ती बाजू आधी ओढली तर फळी उसळून थेट हातांवर बसेल. हे सगळं चित्रांनी काढून प्लास्टिकमध्ये घालून बाहेर चिकटवलं. चित्रं फूटपट्टीनं काढली. मी एक शब्दही लिहिला नाही.

पेटी तिरपी झाली की लाल होणारी खूण दोन बाजूंना लावली.

२ मे

गेली. ट्रक वळेपर्यंत हे फाटकाकडे बघत होते. मला म्हणाले, "आता काय करणार तू? पाणी धरायला नाही."

१९ मे

जीव टांगणीला. बोट कुठं आहे ते लेक फोनवर बघून सांगते. निळ्या पाण्यात एक ठिपका. ह्यांना रोज दाखवते. मशीनचा काटा डॉक्टरांनी आणखी वर नेला. जेवताना मास्क बाजूला केला तर ओठ निळे पडतात, म्हणून एक घास, मग मास्क, एक घास, मग मास्क. मी मनातल्या मनात बोटीला ढकलते आहे.

३ जून

बंदरात पोचली. अडवून ठेवली आहे, तपासणार म्हणे. शिक्का असलेलं लाकूड, सगळे कागद बरोबर, तरी तपासणार.

९ जून

सोडली. तिरपी झाल्याची खूण लाल नाही! बागवालीनं कळवलंय, परवा दुपारी पेटी उघडायची आणि ह्यांना फोनवर समोर दाखवायची. लेक तिच्या घरून मधे बोलून इकडचं तिकडे सांगणार. ह्यांनी आज दाढी करून घेतली.

१२ जून

हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून लिहिते आहे. दिवस आहे, खिडकीतून ऊन येतंय. जसं झालं तसं लिहून ठेवते.

काल दुपारी फोन लागला. बाग दिसली, तळं दिसलं, कंदील, बगळा. बाकांवर म्हातारी माणसं ओळीनं बसलेली. आणि मधे आमची पेटी. पण ती आमची राहिली नव्हती. तपासणीवाल्यांनी चारी बाजू उघडून परत ठोकल्या होत्या. हिरवे स्क्रू नाहीत, जाड खिळे. चित्रं बघून उघडली असेल, पण चित्रांचा कागद परत लावलेला नाही. चारी बाजू सारख्या.

दोन माळी पहारी घेऊन उभे होते. मी म्हटलं, पाठीकडून. लेकीनं सांगितलं. ते म्हणाले, पाठ कुठली? मला कळेना. फूटपट्टीला दुसऱ्या फोनवरून लावला, लागेना. एका माळ्यानं तेवढ्यात जवळच्या फळीत पहार घातलीसुद्धा.

ह्यांनी माझं मनगट धरलं. मास्कच्या आतून बोलायला लागले. घरघर, वाफ, आणि त्यातून एकच शब्द बाहेर आला. "तोंड." पुढचं नाही. तोंडाकडून? तोंडाकडून नको? कुठलं तोंड, दगडाचं, बाईचं, पेटीचं? लेक तिकडून ओरडत होती, "आई, बाबा काय म्हणतायत? लवकर सांग, काय म्हणतायत?" तिला मी काय सांगू? मधे मी उभी राहिले की काय होतं ते मला माहीत आहे. तिकडे फळी करकरली.

मी मशीन बंद केलं. ह्यांच्या तोंडावरचा मास्क काढला आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

खोली एकदम गप्प झाली. आणि हे ओरडले. मास्क लागल्यापासून तो आवाज ऐकला नव्हता. "थांब!" मराठीत ओरडले, पण माळी जागच्या जागी थांबला. लेकीला काही सांगावंच लागलं नाही.

मग एकेक वाक्य, मधे श्वास. पहार बाहेर काढ. पेटीच्या बुडाला बघा, एका बाजूला फळी दुहेरी आहे. ती पाठ. तिथून. खालून वर. लेक शब्दन् शब्द सांगत गेली. पाठीकडची बाजू निघाली. आता पट्टे कापू नका, सोडवा. आता आत हात घाला, मांडीवरची फळी आधी मोकळी करा, मग समोरची बाजू. असं नाही, डावीकडून.

मी मधे मास्क तोंडापाशी नेला. त्यांनी तो हातानं बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा नेला नाही. ओठ निळे झाले होते. ते मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

बारा मिनिटं. मशीनवरचं घड्याळ समोरच होतं.

समोरची बाजू निघाली आणि ती दिसली. अखंड. दहाही बोटं. कुणीतरी झारीनं तिच्या ओंजळीत पाणी घातलं आणि बाकांवरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. एक आजी काठी टेकत उठली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. बागवालीनं विचारलं, कुठं बसवू?

हे म्हणाले, "भिंतीकडे नको. बाकांसमोर बसवा. तिला माणसं लागतात."

दगडाच्या बाईला काय लागतं आणि काय नाही! पण लेकीला ते पुढे सांगताच येईना, तिला रडू फुटलं. बागवाली वाट बघत उभी होती. मग मीच खुणेनं दाखवलं, इकडे, माणसांकडे.

तेवढ्यात ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी मशीन चालू केलं, मास्क लावला, शेजाऱ्यांना हाक मारली, गाडी आली. इथं आणलं. आत नळ्या घातल्या आहेत. काचेतून दिसतात.

१३ जून

लेक आली. माझी वेणी घालून दिली.

१५ जून

काल सकाळी सव्वादहाला हे गेले.

आज कागद पुरे करायला बोलावलं. डॉक्टर तरुण आहे, माझ्या लेकीच्या वयाची. फॉर्मवर दाखल होण्याआधी काय घडलं त्याची जागा होती. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "घरी मशीन बारा मिनिटं बंद होतं असं इथं आधी लिहिलंय. वीज गेली होती का? की पेशंटनं स्वतः मास्क काढला? बरेचजण काढतात, गुदमरल्यासारखं होतं. तसं लिहू?"

लेक पटकन म्हणाली, "हो, तसंच लिहा. बाबांनी स्वतःच काढला." आणि टेबलाखाली माझा हात घट्ट दाबून धरला.

मी म्हटलं, "नाही. मशीन मी बंद केलं. मास्क मी काढला."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "का?" असं विचारलं, फॉर्ममध्ये ती जागा नव्हती तरी.

"त्यांना बोलायचं होतं," मी म्हटलं. "आणि मला ते नीट ऐकायचं होतं."

तिनं पेन उचललं. मग लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सगळा वाचून बघितला. 'पत्नीने' ह्या शब्दात तिनं वेलांटी ऱ्हस्व काढली होती. ती दीर्घ करायला लावली आणि खाली सही केली.